टॉमला मॉकिंगबर्ड कोण म्हणते? प्रतीके वाचताना या चुका टाळा

हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी १९६० साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पुरस्कार मिळाला. इंग्रजी साहित्याच्या वर्गांत तिच्यावर विचारला जाणारा ‘निरागसता आणि पूर्वग्रह यांची प्रतीके स्पष्ट करा’ हा प्रश्न आता इतका ठरून गेला आहे, की अनेक विद्यार्थी कादंबरी उघडण्याआधीच त्याचे उत्तर तयार ठेवतात. अशी उत्तरे आणि प्रकल्प तपासणे हे माझे काम आहे. वर्षे बदलतात, हस्ताक्षरे बदलतात, चुका मात्र त्याच राहतात, आणि त्यांतल्या बहुतेक चुका कादंबरी अवघड असल्यामुळे नव्हे, तर ती न वाचल्यामुळे होतात.

ज्यांच्या मनात कथानक ताजे नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर कथा १९३३ ते १९३५ या मंदीच्या काळात, अमेरिकेच्या दक्षिणेकडील ॲलाबामा राज्यातल्या मेकोम नावाच्या काल्पनिक गावात घडते. स्काउट फिंच ही मुलगी निवेदक आहे, जेम हा तिचा मोठा भाऊ आहे आणि त्यांचे वडील ॲटिकस वकील आहेत. बॉब यूएल या माणसाच्या मेयेला या गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याच्या खोट्या आरोपावरून खटला चालतो तो टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय माणसावर, आणि न्यायाधीश त्याचे वकीलपत्र ॲटिकसकडे सोपवतात. शेजारच्या बंद घरात बू रॅडली राहतो. त्याला मुलांनी कधी पाहिलेले नाही, पण त्याच्याविषयीच्या भयकथा त्यांना तोंडपाठ आहेत. डिल हा मुलांचा मित्र, कॅलपर्निया ही फिंचांच्या घरची कृष्णवर्णीय स्वयंपाकीण आणि मिस मॉडी ही त्यांची शेजारीण.

बरोबरीचे चिन्ह

मॉकिंगबर्ड हा इतर पक्ष्यांच्या आवाजाची नक्कल करणारा अमेरिकेतला गाणारा पक्षी आहे, आणि त्याला मारणे पाप आहे असे कादंबरीत म्हटले आहे. त्याच्याबाबतची सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत हट्टी चूक म्हणजे प्रतीकाचे समीकरण मांडणे. ‘मॉकिंगबर्ड = टॉम’ अशी एक ओळ, ‘मॉकिंगबर्ड = बू’ अशी दुसरी ओळ, पुढे कंसात ‘निरागसता’, आणि उत्तर संपले.

एका महाविद्यालयातल्या चर्चासत्रात या चुकीचे पूर्ण वाढलेले रूप पाहायला मिळाले. पदव्युत्तर वर्गातल्या एका विद्यार्थ्याने पडद्यावर दोन रकान्यांचा तक्ता दाखवला. डाव्या रकान्यात मॉकिंगबर्डचे चित्र आणि त्याखाली टॉम, बू, जेम, स्काउट, डिल, कॅलपर्निया आणि चक्क ॲटिकस, तर उजव्या रकान्यात निळ्या जे पक्ष्याचे चित्र आणि त्याखाली बॉब यूएल, मेयेला आणि ज्यूरी. सादरीकरण आत्मविश्वासाने चालले होते आणि मागच्या रांगांतून मोबाइल उंच धरून तक्त्याचे फोटो घेतले जात होते, कारण असा तक्ता परीक्षेत जसाच्या तसा उतरवता येतो. चर्चेच्या वेळी मी एकच प्रश्न विचारला, की कादंबरीत टॉमला मॉकिंगबर्ड कोण म्हणते आणि कोणत्या प्रकरणात. आधी उत्तर आले, ‘ॲटिकस’. मग कोणीतरी ‘मिस मॉडी’ म्हणाले. मग ‘शेवटी स्काउट म्हणते ना, सर’ असे आले. पुस्तक मागितले, तर भरलेल्या सभागृहात एकच प्रत निघाली. ती ग्रंथालयाची होती आणि तिच्यात कोणाची तरी पेन्सिल पहिल्या तीसेक पानांपर्यंत जाऊन थांबलेली होती.

या प्रश्नाचे खरे उत्तर असे आहे की टॉमला त्या शब्दात मॉकिंगबर्ड कोणीच म्हणत नाही. शिक्षा झाल्यावर तुरुंगातून पळून जाण्याचा प्रयत्न करताना टॉम मारला जातो आणि त्याच्या अंगात सतरा गोळ्या सापडतात. त्यानंतर, २५व्या प्रकरणात, गावच्या वृत्तपत्राचा संपादक अंडरवुड अग्रलेख लिहितो आणि शिकारी व मुले गाणाऱ्या पक्ष्यांना उगाच मारतात त्या हत्येशी टॉमच्या मृत्यूची तुलना करतो. गाणारे पक्षी एवढाच त्याचा उल्लेख आहे. आता हा अंडरवुड कोण, हे पाहायला १६व्या प्रकरणापर्यंत मागे जावे लागते. तिथे ॲटिकस आपल्या मुलांना सांगतात की या माणसाला कृष्णवर्णीयांचा तिटकारा आहे आणि तो त्यांना आसपासही फिरकू देत नाही. हाच माणूस तुरुंगासमोर जमाव जमला तेव्हा वरच्या खिडकीतून दुनळी बंदूक घेऊन ॲटिकस यांचे रक्षण करत बसलेला असतो. म्हणजे टॉमला निरुपद्रवी पक्ष्याच्या जागी बसवणारी लेखणी अशा माणसाची आहे, ज्याला टॉम जिवंत असताना आपल्या अंगणात चालला नसता. लेखिकेने ही तुलना ॲटिकस यांच्या तोंडी घातली असती तर तिचा अर्थ वेगळा झाला असता. ती अंडरवुडच्या तोंडी घातल्यामुळे मेलेल्या पाखराविषयी हळहळणे आणि जिवंत माणसाला बरोबरीने वागवणे या दोन गोष्टींत किती अंतर आहे ते दिसते, आणि नेमके हेच अंतर समीकरण मांडल्यावर पुसले जाते.

दुसरे असे की टॉमने गुन्हा केलेला नाही म्हणून तो अजाण बालकासारखा आहे, असे समजण्याचे काही कारण नाही. त्याला मेकोम पुरेपूर ठाऊक आहे. मेयेलाने त्याला घरात बोलावून मिठी मारली आणि बाप खिडकीशी आला, तेव्हा टॉम पळाला तो घाबरून गोंधळला म्हणून नव्हे, तर आपण कृष्णवर्णीय आहोत आणि थांबलो तर काय होईल हे त्याला माहीत होते म्हणून. साक्षीच्या पिंजऱ्यात तो एक वाक्य बोलतो, की मला तिची कीव आली. हे वाक्य उच्चारताच चूक झाल्याचे त्याच्या लक्षात येते, आणि स्काउटच्याही ते लक्षात येते, कारण गोऱ्या मुलीची कीव करण्याचा अधिकार त्या गावात कृष्णवर्णीय माणसाला नसतो. पक्षी फक्त गातो, तो कोणाची कीव करत नाही. टॉमने माणसासारखी भावना दाखवली, हेच त्याच्या विरोधात गेले. हा प्रसंग १९व्या प्रकरणात आहे आणि तो वाचल्याशिवाय टॉमवर एक ओळही लिहू नये, असे माझे ठाम मत आहे.

बूच्या बाबतीत तुलना खरोखर मॉकिंगबर्डशीच होते. ती ३०व्या प्रकरणात स्काउट करते. बॉब यूएल मुलांवर हल्ला करतो, बू मुलांना वाचवतो आणि त्या झटापटीत यूएल मरतो. शेरीफ हेक टेट ठरवतो की यूएल आपल्याच सुरीवर पडून मेला असे जाहीर करायचे, कारण लाजऱ्याबुजऱ्या बूला लोकांच्या कौतुकाच्या उजेडात ओढणे हे त्याच्या मते पाप आहे. स्काउट वडिलांना समजावते, की नाहीतर ते मॉकिंगबर्ड मारण्यासारखेच होईल, नाही का? इथे थोडे थांबून टॉम आणि बू यांना शेजारी ठेवून पाहावे. टॉमच्या बाबतीत न्यायालय, साक्षी, ज्यूरी, निकाल असे कायद्याचे सगळे सोपस्कार पार पडतात आणि तो मरतो. बूच्या बाबतीत कायदा ओसरीवर बसून बाजूला ठेवला जातो आणि तो वाचतो. एक कृष्णवर्णीय आहे, दुसरा गोरा आहे. तक्त्यात ही दोन नावे एकाच रकान्यात एकाखाली एक लिहिली की कादंबरीतला हा सगळ्यांत अस्वस्थ करणारा विरोध कोणाला दिसतच नाही.

त्या दिवशी चर्चेनंतर तो विद्यार्थी वही घेऊन आला आणि म्हणाला, ‘सर, मग नेमके कोणते नाव लिहायचे ते सांगा.’ त्याला मी २५वे आणि ३०वे प्रकरण वाचून यायला सांगितले. तो पुन्हा आला नाही. तक्ता मात्र अजून फिरतो आहे, आणि त्याच्या उजव्या रकान्यातली शुद्धलेखनाची चूकसुद्धा अनेक उत्तरपत्रिकांत जशीच्या तशी उतरलेली मला दिसते.

माझी स्वतःची सवय सांगायची तर पक्ष्याचा उल्लेख जिथे जिथे येतो त्या पानांत मी कागदाच्या चिठ्ठ्या घालतो आणि प्रत्येक ठिकाणी तीनच गोष्टी समासात लिहितो, की बोलणारा कोण, ऐकणारा कोण आणि त्या क्षणी बंदूक कोणाच्या हातात आहे. अशी ठिकाणे मोजकीच आहेत, त्यामुळे वेळ नसल्याची सबब चालत नाही.

निळा जे म्हणजे खलनायक

मुलांना हवेच्या बंदुका मिळतात तेव्हा ॲटिकस म्हणतात की नेम लागला तर हवे तेवढे निळे जे मारा, पण मॉकिंगबर्ड मारणे पाप आहे. यावरून निळा जे म्हणजे बॉब यूएल असे ठोकून देण्याची पद्धत आहे. हे लिहिणाऱ्यांनी २८व्या प्रकरणाचा आरंभ वाचलेला नसतो. हॅलोवीनच्या काळोख्या रात्री मुले रॅडलींच्या घराजवळून जात असतात आणि वर झाडावर एक एकटा मॉकिंगबर्ड आपण कोणाच्या झाडावर बसलो आहोत याची कल्पना नसताना एकामागून एक आवाज काढत असतो. त्यांतला एक आवाज चिडक्या निळ्या जे पक्ष्याचा असतो. ज्याला मारणे पाप, तोच पक्षी ज्याला मारण्याची मुभा आहे त्याचा आवाज काढतो आहे, आणि त्याच रात्री अंधारातून यूएल येणार आहे. सह्याद्रीच्या रानात भृंगराजाला इतर पक्ष्यांची हुबेहूब नक्कल करताना ज्यांनी ऐकले आहे त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. बाकीचे मॉकिंगबर्डच्या जागी मनात कोकिळा बसवतात आणि वसंत, माधुर्य, विरह असे काहीबाही लिहून मोकळे होतात.

मूल आहे म्हणजे निरागस आहे

स्काउट साधारण सहा ते आठ या वयातली आहे, म्हणून ती पूर्वग्रहापासून मुक्त आहे, असे विधान मी इतक्या वेळा खोडले आहे की लाल पेनाची नळी त्यावरच संपत असावी. खटल्यात सरकारी वकील गिल्मर टॉमची उलटतपासणी तुच्छतेने करतात तेव्हा डिलला रडू आवरत नाही. स्काउट त्याला बाहेर घेऊन जाते आणि समजूत घालताना म्हणते की अखेर तो एक कृष्णवर्णीयच तर आहे. हे ॲटिकस यांच्या मुलीचे वाक्य आहे. ते क्रूरपणे म्हटलेले नाही, उलट अगदी सहज, मित्राला धीर देताना म्हटलेले आहे, आणि म्हणूनच ते जास्त बोचते. गावाची हवा या मुलीच्या श्वासातही आहे. त्याच ठिकाणी डॉल्फस रेमंड भेटतो. कागदी पिशवीत दारूची बाटली असल्याचा देखावा करून कोका-कोला पिणारा हा माणूस डिलबद्दल म्हणतो की जगाने याला अजून गाठलेले नाही, आणखी थोडा मोठा झाला की याला मळमळणार नाही आणि रडूही येणार नाही. निरागसतेविषयी कादंबरीत कुठे काही थेट म्हटलेले असेल तर ते इथे आहे. निरागसता म्हणजे अन्याय पाहून पोटात ढवळण्याची क्षमता, आणि ती वयाबरोबर जाते. पण ती डिलमध्ये आहे आणि त्या क्षणी स्काउटमध्ये नाही, हे लक्षात घेतल्याशिवाय उत्तर पुढे नेऊ नये.

याच्याच जोडीची चूक म्हणजे निवेदक लहान मुलगी आहे असे समजणे. अनुभवणारी लहान आहे, सांगणारी मोठी आहे. पहिल्याच पानावर ती बऱ्याच वर्षांनी मागे वळून पाहत असल्याचे कळते. सहा वर्षांच्या मुलीला इतकी तिरकस विनोदबुद्धी असत नाही, एवढे तरी वाचकाला जाणवावे.

पूर्वग्रह फक्त बॉब यूएलमध्ये शोधणे

यूएल हा सोयीचा माणूस आहे. तो उकिरड्याजवळ राहतो, दारू पितो, मुलीला मारतो, डावखुरा आहे आणि मेयेलाच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला जखमा आहेत, तर टॉमचा डावा हात लहानपणी कापसाच्या यंत्रात सापडून निकामी झालेला आहे. पुरावा इतका उघड आहे की वाचक सगळे पाप यूएलच्या माथी मारून मोकळा होतो. परंतु दोषी ठरवण्याचा निर्णय यूएलने दिलेला नसून ज्यूरीतल्या बारा जणांनी दिलेला आहे, आणि ते बारा जण गावाच्या आसपासचे साधे, कष्टाळू शेतकरी आहेत.

पिसाळलेल्या कुत्र्याचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचावा, कारण त्याचीही गाईडमध्ये एका ओळीत वासलात लावलेली असते, ती अशी की ‘कुत्रा म्हणजे पूर्वग्रह, ॲटिकस त्याला मारतात’. मूळ प्रसंग १०व्या प्रकरणात आहे आणि त्यातले तपशील पाहण्यासारखे आहेत. टिम जॉन्सन नावाचा हा कुत्रा भटका नाही. तो मोबाइल शहराच्या बसवरील चालकाचा पाळीव कुत्रा आहे आणि अख्ख्या मेकोमचा लाडका आहे. त्याच्या आधीच्याच, नवव्या प्रकरणात ॲटिकस आपल्या भावाला सांगतात की कृष्णवर्णीयांशी संबंधित काही निघाले की एरवी समंजस असलेली माणसे एकदम वेडीपिशी का होतात हे मला कळत नाही, आणि या आजाराला ते मेकोमचा नेहमीचा आजार म्हणतात. त्यानंतर लगेच गावाचा लाडका कुत्रा पिसाळून रस्त्यावर येतो. म्हणजे रोग बाहेरून आलेला नाही, तो घरच्याच, ओळखीच्या, लाडक्या जिवाला झाला आहे. ॲटिकस नेम धरताना चष्मा वर सारतात, तो घसरतो, ते तो रस्त्यावर टाकतात आणि शांततेत काच तडकल्याचा आवाज येतो. रस्ता ओस पडलेला असतो, झाडे निश्चल असतात, मॉकिंगबर्ड गप्प झालेले असतात. कुत्रा एका गोळीत पडतो. पण ॲटिकस जेमला बजावतात की जवळ जाऊ नकोस, तो मेल्यावरही तितकाच धोकादायक आहे. आणि तो उचलून नेण्याचे काम कोण करते, तर कॅलपर्नियाचा मुलगा झीबो, गावचा कचरा नेणारा कृष्णवर्णीय माणूस.

आता ११ प्रकरणे पुढे, २१व्या प्रकरणात, निकालाची वाट पाहत असताना स्काउटला तीच फेब्रुवारीतली थंड सकाळ आठवते. मॉकिंगबर्ड गप्प, सुतारांचे हातोडे थांबलेले. ज्यूरी परत आल्यावर तिला वाटते की ॲटिकस रस्त्यात उतरून बंदूक खांद्याला लावत आहेत आणि चाप ओढत आहेत, पण बंदूक रिकामी आहे हे आपल्याला सारा वेळ माहीत आहे. कुत्र्याचा प्रसंग ज्याने ‘ॲटिकस पूर्वग्रहाला ठार मारतात’ असा लिहिला त्याने या पानावर काय करायचे? लेखिकेने स्वतःच सांगून ठेवले आहे की पिसाळलेले जनावर गोळीने मरते, गावाचा आजार मरत नाही. पहिला प्रसंग दुसऱ्याशी जोडून न वाचता त्यावर निबंध लिहिणे म्हणजे उसाच्या गुऱ्हाळात जाऊन चोयट्या चघळत घरी येणे आहे.

सभ्य माणसांतला पूर्वग्रह पाहायचा असेल तर २४व्या प्रकरणातला बायकांचा चहापानाचा कार्यक्रम वाचावा. दूरच्या आफ्रिकेतल्या जमातीविषयी कळवळा व्यक्त करणाऱ्या या बायका पुढच्याच वाक्यात आपल्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या कृष्णवर्णीय बाईच्या पडलेल्या चेहऱ्याबद्दल तक्रार करतात. २६व्या प्रकरणात मिस गेट्स ही शिक्षिका हिटलर ज्यूंचा छळ करतो म्हणून वर्गात संतापते, आणि न्यायालयाच्या पायऱ्यांवर तीच बाई कृष्णवर्णीयांना कोणीतरी धडा शिकवायलाच हवा होता असे बोलल्याचे स्काउटला आठवते. या बायकांपैकी एकही मला कधी कोणाच्या तक्त्यात सापडलेली नाही.

मेयेलाची फुले

गाईडमध्ये नाही म्हणून कोणी लिहीत नाही, अशी एक गोष्ट सांगतो. यूएलांच्या घाणेरड्या आवारात, कुंपणाच्या कोपऱ्यात, टवके उडालेली सहा इनॅमलची भांडी ओळीने मांडलेली आहेत आणि त्यांत लालभडक जिरेनियमची फुले जोपासलेली आहेत. ती मेयेलाची आहेत असे गावात म्हणतात. या मुलीने भावंडांना आइस्क्रीम खायला गावात पाठवण्यासाठी वर्षभर एक एक नाणे साठवले होते, जेणेकरून टॉम घरात आला तेव्हा कोणी नसावे. न्यायालयात ॲटिकस तिला आदराने संबोधतात तेव्हा ते आपली टिंगल करत आहेत असे तिला वाटते, कारण तिच्याशी आजवर कोणी तसे बोललेलेच नाही. आणि हीच मुलगी खोटी साक्ष देऊन टॉमला मरणाच्या दारात ढकलते. तिला डाव्या रकान्यात ठेवणार की उजव्या? मला विचाराल तर या कादंबरीतल्या निरागसतेच्या आणि पूर्वग्रहाच्या गुंत्याचे सगळ्यांत नेमके चित्र त्या सहा भांड्यांत आहे, आणि शेजारच्या म्हाताऱ्या मिसेस ड्युबोज यांच्या पांढऱ्या कॅमेलिया फुलांवर पानेच्या पाने लिहिणाऱ्यांनी निदान एक परिच्छेद या लाल फुलांना द्यायला हरकत नाही.

बाकीच्या चुका, थोडक्यात

पांढरे म्हणजे शुद्ध आणि काळे म्हणजे दुष्ट हा संकेत इथे लावू नये. या कादंबरीत तो लावला तर उत्तर केवळ चुकीचे होत नाही, ते ज्यूरीच्या बाजूचे होते.

मुलांनी केलेला बर्फाचा माणूस आतून चिखलाचा आणि वरून बर्फाचा आहे हे खरे, पण त्यावर एका परिच्छेदापेक्षा जास्त लिहू नये. मुलांकडे पुरेसा बर्फ नव्हता, हेही एक कारण आहे.

बू मुलांसाठी झाडाच्या ढोलीत ठेवतो त्या वस्तूंची यादी पाठ करून काही साधत नाही. बूचा भाऊ नेथन रॅडली झाड मरते आहे असे सांगून ती ढोली सिमेंटने बुजवतो आणि ॲटिकस म्हणतात की झाड तर निरोगी आहे. हे दोन संवाद शेजारी ठेवा, पुरे.

फिंच हाही एक गाणारा पक्षी आहे, हा शोध प्रत्येकाला आपणच प्रथम लावला असे वाटते.

१९३१ साली ॲलाबामात नऊ कृष्णवर्णीय तरुणांवर खोट्या आरोपावरून सुरू झालेला स्कॉट्सबरोचा खटला आणि कादंबरीतला खटला यांत साम्य आहे. म्हणून कादंबरीला त्या खटल्याची हकिकत म्हणू नये. तसेच कथेचा काळ १९३०च्या दशकातला आणि लेखनाचा काळ १९५०च्या दशकातला, म्हणजे शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४च्या निकालानंतरचा आणि बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध माँटगमरी शहरात झालेल्या बस बहिष्कारानंतरचा आहे. या दोन काळांची सरमिसळ केली की पहिल्या वाचकांना हे पुस्तक आजचे का वाटले ते कळत नाही.

ॲटिकस म्हणजे आदर्श, एवढे लिहून थांबू नये. दुसऱ्याच्या कातड्यात शिरून चालून पाहा असे सांगणारा हा माणूस मेकोमच्या लोकांना जरा जास्तच समजून घेतो, आणि कृष्णवर्णीय पात्रे या कादंबरीत बहुतेक वेळा कोणीतरी वाचवावे अशा जागी उभी असतात. अनेक समीक्षकांनी घेतलेला हा आक्षेप मला पटतो. उत्तरात तो मांडल्याने गुण कापले जात नाहीत, निदान माझ्याकडून तरी नाहीत.

चित्रपट पाहून पुस्तकावर उत्तर लिहू नये. १९६२ सालचा चित्रपट चांगला आहे, ग्रेगरी पेक यांना त्यासाठी ऑस्करही मिळाले, पण लबाडी लगेच उघडी पडते. चित्रपटात मॉकिंगबर्ड मारणे पाप का आहे, हे ॲटिकस जेवणाच्या टेबलावर स्वतःच समजावून सांगतात. पुस्तकात ते फक्त ताकीद देतात, आणि हे पक्षी बागांची नासाडी करत नाहीत, फक्त आपल्यासाठी गातात, हे कारण मिस मॉडी देतात. ज्याच्या उत्तरात कारण ॲटिकस यांच्या तोंडी असते, त्याने पान उलटलेले नाही हे मला दुसऱ्या ओळीत कळते.

शेवटची चूक अलीकडची आहे. २०१५ साली ‘गो सेट अ वॉचमन’ हे लींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातले ॲटिकस वर्णभेदाचे समर्थन करणाऱ्या सभेत बसलेले दिसतात, म्हणून काही विद्यार्थी आता मॉकिंगबर्डवरच्या उत्तरात ‘ॲटिकस मुळातच वर्णद्वेष्टे होते’ असे लिहून टाकतात. ते पुस्तक नंतर छापले गेले असले तरी लिहिले आधी गेले होते, आणि त्यात अशाच एका खटल्यातला आरोपी निर्दोष सुटल्याचा उल्लेख आहे. ज्या पुस्तकात टॉमचा खटला वेगळाच संपतो त्यातला ॲटिकस उचलून या पुस्तकात आणून बसवता येत नाही. दोघांची तुलना जरूर करावी, त्यासाठी वेगळा निबंध लिहावा. एकाच उत्तरात दोघांची खिचडी केलेली असेल, तर ते उत्तर मी न तपासता परत देतो.